दुवा आणि दाखला

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळा असे भारदस्त विषय होऊन गेले. त्यांच्या पंक्तीस आमचा आजचा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. स्वयंप्रकाशनाच्या व्यासपीठांवरून मिळविलेल्या बॅकलिंक आणि शोधयंत्रातील त्यांचे मोल, हा विषय कार्यकारिणीने आम्हांस नेमून दिला, त्याला तसेच कारण घडले आहे. आपल्या मंडळाची वेबसाइट तयार झाली. ती लोकांच्या दृष्टीस पडावी म्हणून प्रसिद्धीचा व्यवसाय करणाऱ्या एका संस्थेने मंडळापुढे प्रस्ताव ठेवला आहे. ठरलेल्या रकमेत ही संस्था निरनिराळ्या ब्लॉगांवर व लेखसंग्रहांवर मजकूर टाकील आणि त्यांतून आपल्या वेबसाइटकडे येणाऱ्या पाचशे लिंक तयार करून देईल. दुसऱ्या बाजूला, गेल्या पन्नास वर्षांतील स्मरणिका व हस्तलिखिते यांच्या जतनाचे काम निधीअभावी तसेच पडून आहे. महोत्सवी निधी या दोन्ही कामांना पुरणारा नाही. येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांना एकाची निवड करावयाची आहे. तत्पूर्वी ही बॅकलिंक म्हणजे नेमकी काय वस्तू आहे, ती कोणी द्यावी, कोणी घ्यावी आणि तिची किंमत कशी ठरते, हे सर्वांना ठाऊक असावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम, दृष्टीस पडण्याची गरज खरी आहे, हे मान्य करून पुढे जाऊ. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसाला नव्या गावी मराठी मंडळ कोठे आहे हे पूर्वी किराणा दुकानदाराकडून, पोस्टमनकडून किंवा गणेशोत्सवातील लाउडस्पीकरच्या आवाजावरून कळत असे. आज नव्याने आलेले कुटुंब सामान सोडविण्याआधी मोबाइलवर शोध घेते. त्या शोधात मंडळाचे नाव पहिल्या पानावर आले नाही, तर त्या कुटुंबाच्या लेखी मंडळ अस्तित्वातच नसते. तेव्हा प्रस्तावामागील चिंता रास्त आहे. विचार करावयाचा तो उपायाचा.

इंटरनेटवरील एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारी जी वाट असते, तिला आपण लिंक म्हणतो. मराठीत तिला दुवा हा शब्द रूढ झाला आहे. दुसऱ्याच्या पानावरून आपल्या पानाकडे येणारा दुवा म्हणजे बॅकलिंक. दुवा हा शब्द ज्याने कोणी या अर्थाने प्रथम वापरला, त्याला आमचे मनःपूर्वक धन्यवाद. कारण आपल्या भाषेत दुवा म्हणजे साखळीची कडी, आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. कडी आपल्याला आपल्या हाताने जोडता येते. आशीर्वाद मात्र दुसऱ्याने द्यावा लागतो. आजचा सगळा विषय या दोन अर्थांच्या मधल्या जागेत आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये ज्या जाळ्याची कल्पना मांडली, त्यात दुवा ही निव्वळ सोय होती. वाचता वाचता संदर्भाच्या पानावर जाता यावे, इतकाच तिचा उपयोग. पुढे पानांची संख्या बेसुमार वाढली आणि हवे ते पान शोधून देणारी यंत्रे आली. आरंभीच्या यंत्रांचा भर पानावरील शब्दांवर असे. त्यामुळे एखाद्या पानावर तोच तो शब्द वारंवार लिहिला, की ते पान वर येई. या युक्तीने शोध निरुपयोगी होऊ लागला.

यावर तोड निघाली ती विद्वानांच्या जुन्या रिवाजातून. कोणत्या शोधनिबंधाचा आधार नंतरच्या किती निबंधांनी घेतला, याची मोजदाद करण्याची कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली होती, आणि १९६० च्या दशकात त्यांच्या संस्थेने विज्ञानविषयक संदर्भांची सूचीही प्रसिद्ध केली. ज्या निबंधाचा आधार अनेकांना घ्यावासा वाटतो, त्यात काही तरी असले पाहिजे, असे यामागील साधे अनुमान होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी हाच न्याय इंटरनेटच्या पानांना लावला. १९९८ च्या त्यांच्या निबंधात ‘पेजरँक’ या नावाने ही रीत सांगितलेली आहे, आणि त्याच वर्षी गूगल ही कंपनी स्थापन झाली.

या रीतीत प्रत्येक दुवा म्हणजे एक दाखला होय. परंतु सर्व दाखले सारखे नव्हेत. ज्या पानाकडे पुष्कळ दुवे येतात, त्याच्या दाखल्याला वजन अधिक. शिवाय एखादे पान जितक्यांना दुवे देईल, तितक्यांत त्याचे वजन वाटले जाते. एक पान तिघांना दुवा देत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो. ऊठसूट शिफारसपत्रे देणाऱ्या पुढाऱ्याचे पत्र घेऊन कोणी गेला, तर कचेरीत त्याला फारशी किंमत मिळत नाही, हा आपला व्यवहारातला अनुभवच येथे गणितात उतरला आहे.

आता या गणितातील फट पाहा. कारण सगळा बाजार तेथूनच उभा राहिला. मूळ सूत्रात, ज्याच्याकडे एकही दुवा येत नाही अशा अगदी बेवारस पानालाही ०.१५ इतके किमान वजन दिलेले आहे, आणि पान आपल्या वजनाच्या ०.८५ पट वजन पुढे पोचविते. बेवारस पानाने एकच दुवा दिला, तर ०.१५ गुणिले ०.८५ म्हणजे ०.१२७५ इतके वजन पलीकडे जाते. हे क्षुल्लक आहे. परंतु अशी शंभर पाने स्वतःच निर्माण केली आणि त्या सर्वांचा दुवा एकाच पानाकडे वळविला, तर १२.७५ वजन जमा होते. या सूत्रात पानाचे सरासरी वजन साधारण १ धरलेले आहे. म्हणजे शंभर पोकळ पानांच्या बळावर एखादे पान सरासरीच्या सुमारे तेरा पट वजनदार दिसू शकते. पाने तयार करायला पैसे पडत नाहीत, वाचक लागत नाही आणि लेखकही नावापुरताच लागतो.

नेमक्या याच काळात स्वयंप्रकाशनाची दारे सर्वांना खुली झाली. ब्लॉगर १९९९ मध्ये आले, वर्डप्रेस २००३ मध्ये, टम्बलर २००७ मध्ये, मीडियम २०१२ मध्ये, सबस्टॅक २०१७ मध्ये. मराठीतही मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून आहे, आणि प्रतिलिपी २०१४ मध्ये सुरू झाली. संपादकाची परवानगी न घेता सामान्य माणसाला लिहिता यावे, ही या स्थळांची मोठीच देणगी होय. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या, पुण्या-मुंबईच्या मासिकांत प्रवेश नसलेल्या आपल्या कित्येक लेखक-लेखिकांना त्यांनी वाचक मिळवून दिला. तथापि जेथे फुकट भिंत मिळते, तेथे जाहिराती चिकटविणाराही येतो. कोणी वाचावेत अशी अपेक्षाच नसलेले हजारो लेख केवळ शेवटच्या ओळीतील दुव्यासाठी लिहिले जाऊ लागले. खोगीरभरती हा शब्द आपल्या भाषेत आधीपासून होता. त्याला नवा विषय मिळाला.

शोधयंत्रांनी हे पाहून न पाहिल्यासारखे केले नाही. त्यांनी उचललेल्या पावलांचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टचे एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ नावाची खूण मान्य केली. दुव्यावर ही खूण असली, तर स्थळाच्या मालकाची त्याला शिफारस नाही असे यंत्राने समजावे, असा संकेत ठरला. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या दुव्यांना सरसकट ही खूण लावली. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसाखळीचे प्रकरण उघडकीस आणले. ऐन नाताळच्या हंगामात कपड्यांपासून अंथरुणांपर्यंत अनेक वस्तूंच्या शोधात ही कंपनी अग्रस्थानी होती, आणि त्यामागे तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या शेकडो स्थळांवर पेरलेले दुवे होते. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले. तरीही गूगलने कारवाई केली आणि कंपनीचे स्थान कित्येक पाने खाली घसरले. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ नावाची व्यवस्था अमलात आणली, ती अशाच बनावट दुव्यांविरुद्ध. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर तिचा परिणाम होईल, असे गूगलने त्या वेळी सांगितले होते. २०१६ मध्ये ही व्यवस्था मूळ यंत्रणेतच मुरविण्यात आली, आणि तेव्हापासून तिचा कल शिक्षा करण्यापेक्षा असे दुवे हिशेबातूनच वगळण्याकडे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आणखी दोन खुणा आल्या, एक पैसे देऊन घेतलेल्या दुव्यासाठी आणि दुसरी वाचकांनी स्वतः टाकलेल्या मजकुरातील दुव्यासाठी. मार्च २०२४ मध्ये, शोधात वर येण्यापुरता घाऊक प्रमाणात निर्माण केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, नियमभंगात मोडतो, असे गूगलने स्पष्ट केले.

त्याच महिन्यात आणखी एक बारीक फेरफार झाला. पानाची प्रस्तुतता ठरविताना दुवे हा एक महत्त्वाचा घटक आहे, असे जे वाक्य गूगलच्या नियमावलीत होते, त्यातून ‘महत्त्वाचा’ एवढेच विशेषण काढून टाकण्यात आले. आमची सारी नोकरी परिपत्रकांच्या सान्निध्यात गेली. मसुद्यातून एक विशेषण गळते, तेव्हा त्यामागे बरीच टिपणी झालेली असते, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो. दुव्यांची किंमत शून्य झाली, असा याचा अर्थ करू नये. ते अजूनही मोजले जातात. परंतु पूर्वीइतका त्यांच्यावर भार टाकलेला नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्यापुढील पाचशे दुव्यांचा हिशेब मांडू. स्वयंप्रकाशनाची जी मोठी व नामांकित स्थळे आहेत, त्यांपैकी बहुतेकांनी लेखातून बाहेर जाणाऱ्या दुव्यांवर नोफॉलोसारखी खूण आपोआप लावण्याची व्यवस्था केली आहे. २०१९ नंतर ही खूण शोधयंत्रे आज्ञा म्हणून पाळत नाहीत, सूचना म्हणून विचारात घेतात, हे खरे. पण तिच्यामुळे वजन मिळण्याची आशा फार धरता येत नाही. काही ठिकाणी खूण नसते, परंतु तेथे नव्याने उघडलेले खाते म्हणजे नव्या वस्तीतील रिकामा भूखंड असतो. स्थळाचे नाव मोठे असले, तरी त्या भूखंडाकडे कोणाचीच वाट येत नाही. त्याखेरीज, प्रत्येक पानाची नोंद शोधयंत्र घेतेच असे नाही. ज्या पानाची नोंदच नाही, त्यावरील दुव्याचा हिशेब कोण ठेवणार? राहिलेल्या दुव्यांपैकी जे विकत घेतलेले म्हणून ओळखू येतील, ते वगळले जातील. आणि प्रकार फारच उघड असेल, तर मंडळाच्या वेबसाइटवरच कारवाई होण्याचा धोका आहे. सारांश, पाचशे या आकड्याने भारावून जाण्याचे कारण नाही. त्यांतील बहुतेकांची किंमत शून्य होण्याचा संभव आहे, आणि काहींची शून्याच्याही खाली जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट. परक्या जागेवर बांधलेले घर जागेच्या मालकाबरोबर जाते. जिओसिटीजवर लाखो लोकांनी आपली पाने बांधली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने ती बंद केली. गूगलने मोठ्या उत्साहाने काढलेले ‘नोल’ २०१२ मध्ये मावळले. लेख आणि दुवे यांसाठी प्रसिद्ध असलेले स्क्विडू २०१४ मध्ये दुसऱ्या स्थळात विलीन झाले. गूगल प्लसचे सर्वसामान्यांसाठीचे दालन एप्रिल २०१९ मध्ये मिटले. या प्रत्येक ठिकाणी कष्टाने जोडलेले दुवे स्थळाबरोबरच नाहीसे झाले.

शासकीय व्यवहारातील एक उदाहरण देऊन हा मुद्दा स्पष्ट करतो. दाखल्याच्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही व शिक्का लागत असे, ते दिवस पुष्कळांना आठवत असतील. त्या सहीचे मोल शाईत नव्हते. सही करणारा माणूस अर्जदाराहून वेगळा आहे, आणि खोटी सही केल्यास त्याला स्वतःला जाब द्यावा लागेल, या दोन गोष्टींत ते होते. पुढे २०१४ च्या सुमारास केंद्र शासनाने अर्जदाराच्या स्वसाक्षांकनाला उत्तेजन दिले. त्याने जनतेची पायपीट वाचली, हे चांगलेच झाले. परंतु स्वसाक्षांकन चालते, ते शेवटी मूळ कागद तपासले जातात म्हणून. मूळ कागदच नसेल, तर अर्जदाराने स्वतःच्या प्रतीवर पाचशे वेळा सही करून काय उपयोग? स्वतःच निर्माण केलेले दुवे ही स्वसाक्षांकित प्रत आहे. शोधयंत्राने तिच्याकडे आक्षेप न घेता पाहिले, तरी पुढे ते मूळ कागद मागणारच.

तर मग स्वयंप्रकाशनाची व्यासपीठे निरुपयोगी समजावीत काय? मुळीच नाही. आमचा आक्षेप तेथे लिहिण्याला नाही. केवळ दुव्यासाठी लिहिण्याला आहे. तेथे वाचक आहे, ही त्या स्थळांची खरी श्रीमंती. मायबोलीवर किंवा प्रतिलिपीवर आपल्या एखाद्या सभासदाने या शहरातील मराठी वस्तीविषयी मनापासून लेख लिहिला, तर तो शे-दोनशे माणसे वाचतील. त्यांतील एखादा संशोधक, एखादा पत्रकार, एखाद्या भगिनी-मंडळाचा कार्यवाह आपल्या लिखाणात त्या लेखाचा, आणि ओघाने मंडळाचा, उल्लेख करील. हा जो दुसऱ्याने, न मागता, स्वतःच्या नावावर दिलेला दुवा, तोच शोधयंत्राच्या लेखी दाखला आणि आपल्या लेखी आशीर्वाद होय. स्वयंप्रकाशनाचे मोल असे एक पायरी सोडून मिळते. ते सावकाश मिळते, पण टिकते.

मात्र त्यासाठी मंडळापाशी दाखविण्यासारखे काही असले पाहिजे. आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? आणि येथेच आपण भाग्यवान आहोत. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतील लाकडी कपाट किती सभासदांनी उघडून पाहिले असेल, कोण जाणे. त्यात पन्नास वर्षांच्या स्मरणिका आहेत. पहिल्या काही वर्षांची हस्तलिखिते आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. रेल्वे, डाक-तार, बँका, छावणी आणि कारखाने यांच्या निमित्ताने मराठी माणूस या शहरात कसा आला, कोणत्या गल्लीत राहिला, गणपतीची मूर्ती प्रथम कोठून आणली, नाटकाच्या तालमींना जागा कोणी दिली, वाचनालयासाठी पहिली पुस्तके कोणाच्या घरून आली, हे सारे त्यांत लिहिलेले आहे. इकडचे मीठमसाले आपल्या पुरणपोळीत आणि कोळंबीत कसे शिरले, याची गृहिणींनी लिहून ठेवलेली नोंद आहे. ही माहिती जगातील कोणत्याही अन्य पानावर नाही. संस्थापकांपैकी ज्यांना हस्तलिखितांतील अक्षर ओळखता येते आणि छायाचित्रांतील चेहऱ्यांना नावे देता येतात, असे फार थोडे आज आपल्यात आहेत. कपाटाच्या तळाशी वाळवीने मागील पावसाळ्यात काम सुरू केलेले आहे. दुवे पुढच्या वर्षीही विकत मिळतील. ही हस्तलिखिते आणि ती वाचणारी माणसे कोणत्याही किमतीला मिळणार नाहीत.

हे साहित्य लोकांना सापडेल असे ठेवावयाचे, तर काही तांत्रिक गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. १९९० च्या दशकानंतरच्या आपल्या स्मरणिका संगणकावर जुळविल्या गेल्या, हे खरे. परंतु त्या काळच्या शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत डोळ्यांना देवनागरी दिसले, तरी संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेत साठविलेले असत. शोधयंत्राला तेथे अर्थहीन अक्षरांची रांग दिसते. ‘कोजागिरी’ असा शोध घेणाऱ्याला ते पान कधीही मिळणार नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याची साधने उपलब्ध आहेत. हस्तलिखितांचे व जुन्या छापील अंकांचे स्कॅन केले, तर ती निव्वळ चित्रे होतात. त्या चित्रांतील अक्षरे यंत्राला वाचता येतात, पण जोडाक्षरांत आणि अस्पष्ट छपाईत ते चुकते. म्हणून शेवटी मराठी जाणणाऱ्या माणसानेच मुद्रिते तपासली पाहिजेत.

दुसरे असे, की दोनशे पानांची सबंध स्मरणिका एकाच फाइलीत चढवून मोकळे होऊ नये. प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान द्यावे; त्यावर लेखकाचे नाव, वर्ष व शहराचे नाव स्पष्ट लिहावे. ज्याला दुवा द्यावयाचा, त्याला नेमक्या लेखाकडे देता आला पाहिजे. तोच लेख दुसऱ्या व्यासपीठावरही प्रसिद्ध करावयाचा असेल, तर मूळ पान कोणते हे सांगणारी ‘कॅनॉनिकल’ नावाची खूण २००९ पासून प्रचारात आहे. जेथे तशी सोय असेल तेथे ती वापरावी, नसेल तेथे लेखाच्या आरंभी मूळ पानाचा उल्लेख करावा. स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेट आर्काइव्हसारख्या जतनाला वाहिलेल्या ठिकाणीही ठेवाव्यात, म्हणजे उद्या मंडळाच्या वेबसाइटचे शुल्क भरावयाचे राहिले, तरी सर्वस्व जाणार नाही. तत्पूर्वी लेखकांची, किंवा ते हयात नसतील तर त्यांच्या वारसांची, संमती घेतली पाहिजे. आपल्या कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. पन्नास वर्षांच्या मंडळाच्या बाबतीत याचा अर्थ जवळजवळ प्रत्येक लेखाला संमती हवी, असा होतो. हे काम पत्रव्यवहाराचे आहे, आणि ते करण्यास निवृत्त सभासदांहून योग्य कोण?

विकिपीडियावर जाऊन आपणच मंडळाचे दुवे पेरण्याचा मोह मात्र टाळावा. तेथील दुव्यांना वजन नाही, आणि आपणच आपली पाठ थोपटून घेणे तेथील संकेतांना मान्य नाही. आपल्या संग्रहातील माहिती विश्वसनीय वाटली, तर तेथील लेखक तिचा आधार आपण होऊन घेतील. भगिनी-मंडळांनी एकमेकांच्या वेबसाइटींचा उल्लेख जरूर करावा, पण तो खऱ्या संबंधापुरता. नाट्यस्पर्धेला जे मंडळ आले, ज्याच्याशी पुस्तकांची देवघेव झाली, त्याचे नाव घेण्यात गैर काहीच नाही. नुसत्या आकड्यासाठी शेकडो जणांशी केलेली दुव्यांची अदलाबदल मात्र नियमबाह्य ठरते. आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबाला मंडळ सापडावे, या तातडीच्या गरजेवर सर्वांत सोपा उपाय तर विनामूल्य आहे. गूगलच्या नकाशावर मंडळाची नोंद करून तीत पत्ता, दूरध्वनी, ग्रंथालयाच्या वेळा आणि दोन चांगली छायाचित्रे द्यावीत. गावातल्या गावात होणाऱ्या शोधात दूरच्या पाचशे ब्लॉगांपेक्षा ही एक नोंद अधिक उपयोगी पडते.

प्रस्तावाच्या बाजूने एक युक्तिवाद केला जाईल, त्याचाही विचार करू. जतनाचे काम वर्षानुवर्षे चालेल. दुवे महिन्याभरात तयार होतील. महोत्सवी वर्षातच काही तरी दिसले पाहिजे, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. त्यांच्या तळमळीविषयी आम्हांस आदर आहे. परंतु महिन्याभरात दिसणार काय? निरनिराळ्या स्थळांवर, आपल्याला या शहराविषयी काहीही ठाऊक नसलेल्या माणसाने किंवा यंत्राने लिहिलेले, आपल्या मंडळाच्या नावाचे पाचशे लेख. त्यांतील मराठी कसे असेल, याची कल्पना करवत नाही. ज्या मंडळाने पन्नास वर्षे शुद्धलेखनाच्या स्पर्धा घेतल्या, त्याच्या नावावर तो मजकूर कायमचा राहील, आणि काढून टाकावयाचा म्हटले तरी त्या खात्यांच्या किल्ल्या आपल्या हाती नसतील.

म्हणून सर्वसाधारण सभेपुढे आमची सूचना अशी आहे. महोत्सवी निधीतील रक्कम स्कॅनिंग, युनिकोड टंकलेखन आणि मुद्रितशोधन यांसाठी द्यावी. पहिल्या वर्षी केवळ हस्तलिखिते आणि पहिल्या दहा स्मरणिका घ्याव्यात. छायाचित्रांतील व्यक्ती ओळखण्यासाठी ज्येष्ठ सभासदांच्या घरी जाऊन बसणारा तीन-चार तरुणांचा गट नेमावा. हे काम पावसाळ्यापूर्वी व्हावे. ज्या सभासदांना लिहिण्याची हौस आहे, त्यांनी या साहित्यातून निघणाऱ्या विषयांवर स्वतःच्या नावाने, आपल्या आवडीच्या व्यासपीठावर लिहावे, आणि जेथे आधार घेतला असेल तेथे मंडळाच्या त्या नेमक्या पानाचा दुवा द्यावा. असे वीस लेख झाले, तरी त्यांमागे वीस खरी माणसे असतील.

या कामाचे फळ शोधयंत्रात किती दिवसांत दिसेल, याची तारीख आम्ही देऊ शकत नाही. आणि जो देतो, त्याच्याकडे थोडे सावधपणे पाहावे, अशी विनंती आहे. परंतु या शहरात वाढलेल्या आणि आता दूर कोठे राहणाऱ्या एखाद्या नातीने आपल्या आजोबांचे नाव शोधले, आणि १९७० च्या दशकातील एखाद्या हस्तलिखितात त्यांनी लिहिलेला प्रवासवृत्तान्त तिच्यापुढे आला, तर तो दुवा ती चार जणांना पाठविल्याखेरीज राहणार नाही. त्या दुव्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागणार नाहीत.

कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे आहे. सभेपूर्वी प्रत्येक सभासदाने एकदा ते उघडून पाहावे आणि मग मत द्यावे.